सूचक विठ्ठल, अनुमोदक नरहरी

८ फेब्रुवारी १९९९
गावाहून, ता. मुळशी

विठ्ठलराव यांस,

नमस्कार. ‘सप्रेम’ गाळला आहे. आपल्या पक्षाचं मूळ धोरण काटकसरीचं होतं, ते निदान कुणीतरी पाळावं म्हणून.

तुझा कोथरूडचा पत्ता तुझ्या पुतण्याकडून मागून घ्यावा लागला. पहिलीपासून ज्याला दारातून हाक मारली की खिडकीतून ‘ओ’ यायची, त्याला आता पिनकोड घालून पत्र लिहायचं. असो.

परवा पंचायतीत एका दाखल्यासाठी गेलो होतो. ग्रामसेवक वाल्मीक चहाला गेला होता आणि ठरावाची वही टेबलावर उघडी होती. मास्तर माणूस, उघडी वही दिसली की वाचणारच. अठ्ठावीस जानेवारीची मासिक सभा, ठराव क्रमांक सात: ‘ओढ्याचे सुशोभीकरण करणेकामी सहा लाखांचे अंदाजपत्रकास मंजुरी देणे व बंधाऱ्याची जागा सदर योजनेकडे वर्ग करणे. सूचक: श्री. विठ्ठलराव. अनुमोदक: श्री. नरहरी गुरुजी. सर्वानुमते मंजूर.’

मी अनुमोदक? त्या सभेत मी तोंड उघडलेलं नाही. खिडकीबाहेर बघत बसलो होतो. विरोधात बोललो नाही, कारण तू शेजारी होतास. पण बाजूनंही बोललो नाही. मग माझं नाव वहीत आलं कुठून?

सुशोभीकरण हा शब्द मी तीनदा वाचला. तीस वर्षं मुलांना गण पाडायला शिकवले, ती खोड जात नाही. सु-शो-भी, लघु गुरु गुरु, हा यगण. असे चार यगण ओळीनं मांडले की भुजंगप्रयात होतो. पुढं क-र-ण, तिन्ही लघु, हा नगण. म्हणजे या शब्दाचं तोंड भुजंगाचं आणि शेपूट नगण्य. तुझ्या योजनेचं इतकं नेमकं वर्णन तुझ्या विरोधकांनाही जमलं नसतं.

जोगळेकर गुरुजी आठवतात? हातातला रूळ बाकावर आपटत ‘यमाताराजभानसलगा’ म्हणायचे. खिडकीबाहेर खाचरांत भाताची आवणी चाललेली असायची, बायकांची गाणी आणि गुरुजींचा ताल एकमेकांत मिसळायचे, आणि मला वाटायचं की सगळं जगच कुणीतरी वृत्तात बसवलेलं आहे. एक मात्रा जास्त नाही, एक कमी नाही. तू त्याच तालावर चिंचोके फोडायचास. तेव्हाच ओळखायला हवं होतं.

बासष्ट साली आपण पक्षाची शाखा काढली ती माझ्या ओटीवर. समोरच्या पक्षाकडे मोटार होती, आपल्याकडे तुझी सायकल आणि शारदेनं धुतलेली एक सतरंजी. आपल्या पक्षाचं म्हणणं लोकांच्या तोंडी बसावं म्हणून मी दोन ओळी केल्या:

घराला जमे ते न गावास मागा,
जमे गावकीला न राज्यास मागा.

शुद्ध भुजंगप्रयात. तू त्या भऱ्यापासून ताम्हिणीपर्यंत म्हणत फिरलास. समोरच्यांनी सरकारी पैशातून देवळापुढं मंडप काढला तेव्हा तू दीड तास बोललास. ‘फुकटच्या मंडपाची सावली बी तापती,’ हे तुझं वाक्य. मी ते फळ्यावर लिहून मुलांना अलंकार ओळखायला दिलं होतं.

आणि बंधारा. कोथरूडला नळ सोडला की पाणी येतं, म्हणून विसरला असशील. दसरा झाला, ओढ्याची धार बारीक झाली की कोंडिबा चावडीवरून ओरडतो, ‘घरटी एक मानूस, आपलं घमेलं आपुन आना.’ दगड, चिकणमाती, पेंढा, एक दिवस. त्या पाण्यावर गावाचा हरभरा निघतो. कुठल्याही सरकारला यात एक सही करावी लागलेली नाही. आपला पक्ष जे सांगत होता ते या गावात आपल्या आधीपासून होतं. आपण फक्त त्याला वृत्त दिलं.

ती जागा तू योजनेकडे वर्ग करतोस, आणि खाली माझं नाव घालतोस.

सत्तावीस तारखेला पुढची सभा आहे. मागच्या सभेचं इतिवृत्त तिथं वाचून कायम होईल. त्याआधी वाल्मीकला सांगून माझं नाव काढ. नाही काढलंस तर मी उभा राहून काढायला लावीन, आणि मग ‘सर्वानुमते’ हा शब्दही जाईल.

नरहरी


२१ फेब्रुवारी १९९९

विठ्ठलराव,

तुझं कार्ड पोचलं. एकच ओळ. ‘पक्ष आईसारखा असतो, आईविरुद्ध बोलू नये.’ साधं पोस्टकार्ड वापरलंस, तेवढी काटकसर उरली आहे म्हणायची.

आईला निवडणूक चिन्ह नसतं. आणि खुर्ची मिळाली म्हणून आई कालची शिकवण आज फिरवत नाही.

डिसेंबरात माझ्या ओटीवर येऊन काय म्हणालास तेही इथं लिहून ठेवतो, कारण पुढं तू ते नाकारशील. मी म्हटलं, ‘अरे, आपलं तत्त्व काय होतं?’ तू बुटाची नाडी बांधत म्हणालास, ‘नऱ्या, तत्त्व काय पळून चाललंय व्हय? निधी पळून चाललाय. मार्चअखेर हाय.’

‘म्हणून नको असलेली वस्तू घ्यायची?’

‘आपुन न्हाई घेतलं तर पल्याडच्या गावाला जाईल. मंग तू त्यांच्या ओढ्यावर जाऊन कविता म्हन. आन एक ध्यानात घे, ठराव सर्वानुमते लागतोय. माज्याच गावात फूट दिसली तर मला मुंबईत उभं कोन करंल?’

म्हणजे ओढ्याला शोभा नको आहे, तुझ्या उमेदवारीला हवी आहे. एवढं स्पष्ट तू निदान माझ्याशी बोललास. चाळीस वर्षं लोकांना सांगितलंस की सरकारनं हात आखडता घ्यावा. आता कळतं, तो हात दुसऱ्याचा होता म्हणून.

आता वाल्मीकचं सांगतो. परवा त्याला गाठला. म्हटलं, ‘मी बोललो नसताना माझं नाव कसं घातलंस? जुन्या सवयीनं? वीस वर्षं सूचक विठ्ठल, अनुमोदक नरहरी लिहीत आलात, म्हणून?’

तो म्हणाला, ‘गुरुजी, आसं कसं? तुमी बोललात की. भाऊंची वळ तुमीच पुरी केली.’

मी घरी आलो. दोन दिवस पत्र लिहिलं नाही.

पहिल्या पत्रात मी तोंड उघडलं नाही असं लिहिलं. ते खरं नव्हतं, आणि लिहिताना मला ते ठाऊक होतं. घडलं ते असं. तू ठराव मांडायला उभा राहिलास आणि म्हणालास, ‘गुरुजींच्या वळी आता काळापरमानं बदलाय पायजेत.’ पहिली ओळ नीट म्हटलीस. दुसरी म्हटलीस, ‘जमे गावकीला तरी सरकार देईल.’

माझ्या कानात खडा गेल्यासारखं झालं. मी खिडकीबाहेर बघत होतो, अजूनही बघतच होतो, पण तोंडातून आलं, ‘सरकार देईल बसत नाही. तरी राज्य देई, असं म्हण.’

तू लगेच म्हटलंस. ‘जमे गावकीला तरी राज्य देई.’ चार यगण, चोख. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खरं सांगायचं तर त्या टाळ्यांनी मला बरं वाटलं. शाळा सुटल्यापासून माझ्या ओळीला टाळी पडली नव्हती.

ती ओळ तुझ्या मोडक्या वृत्तातच राहिली असती तर दारातच मेली असती. मी तिला पाय दिले. अर्थाचा गळा कापला जात होता आणि मी सुरीची धार बघत होतो.

शारदेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘घर पेटलं आणि कुणी “पाणि आणा” असं लिहून दिलं, तर तुम्ही आधी वेलांटी दुरुस्त कराल.’

म्हणून आता तुला नाव काढायला सांगत नाही. चूक वाल्मीकची नाही, तुझीही पुरती नाही. मीच उठेन.

नरहरी


१ मार्च १९९९

विठ्ठलराव,

सभेला तू आला नाहीस. मुंबईला गेला होतास म्हणे, आईच्या पाया पडायला. काय झालं ते तुला तुझी माणसं सांगतीलच. मी माझ्या तोंडानं सांगतो, म्हणजे माझी फजिती तरी अचूक पोचेल.

सरपंचाच्या खुर्चीत रंभाबाई. तुझी भावजय, राखीव जागेवर तू सहीपुरती बसवलेली. सहीपुरतं तिनं फार काही ठेवलेलं नाही, हे तुला लवकरच कळेल. दारात कोंडिबा बसला होता. तो सदस्य नाही, पण बंधाऱ्याचा विषय म्हटल्यावर कोण त्याला उठवणार?

वाल्मीकनं इतिवृत्त वाचलं. मी उभा राहिलो. ‘ठराव सातखाली अनुमोदक म्हणून माझं नाव आहे, ते काढावं.’

रंभाबाई म्हणाली, ‘का वो मास्तर? वळ तर तुमीच दिली.’

‘ओळ दिली. मत दिलं नव्हतं.’

‘मंजी बांगड्या भरल्या, पन लगीन न्हाई केलं.’

सगळे हसले. मीही हसायचं नाटक केलं. चार पानी भाषण खिशात होतं, ते खिशातच राहिलं. मी एवढंच म्हटलं की जे काम हे गाव घरटी एक माणूस देऊन एका दिवसात करतं, त्याला सहा लाख कशाला? आपणच जन्मभर हे शिकवलं. आज सरकार आपलं आहे म्हणून ते खोटं कसं झालं?

तुझा तो वरच्या आळीचा सदस्य खुर्चीत मागं रेलून म्हणाला, ‘गुरुजी, त्या घरटी एका मानसात तुमी कवा व्हता?’

मी म्हटलं, ‘दरवर्षी येतो मी.’

दारातून कोंडिबा बोलला. माझ्या बाजूनंच बोलला, हे त्यातलं वाईट. ‘येत्यात की मास्तर. खोटं कशाला बोला? कडंला दगडावर बसून लई ग्वाड म्हनत्यात. त्यांच्या घरचं दगड शारदाबाई उचलत्यात.’

या वेळी कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. विठ्ठल, मी तुला ढोंगी म्हणतो आणि ते शब्द मागं घेत नाही; पण त्या क्षणी मला शारदेचे हात आठवले, चिकणमातीनं कोपरापर्यंत भरलेले, आणि मी काठावर बसून तिला म्हणत होतो, बघ, पाण्याच्या आवाजात कसा द्रुतविलंबित सापडतो. ती म्हणाली होती, सापडला असेल तर तेवढं घमेलं इकडे सरकवा.

तरी नाव काढायला लावलं. वाल्मीकनं रेघ मारली. रंभाबाईनं विचारलं, ‘मंग अनुमोदक कोन?’

चार हात वर. चहा निवायच्या आत ठराव पुन्हा कायम झाला, सात विरुद्ध एक. ‘सर्वानुमते’ खोडून ‘बहुमताने’ लिहिलं. माझ्या जन्मभराच्या तत्त्वानं सरकारी वहीत एवढा फरक केला.

त्या सातांपैकी पाच जणांनी माझ्या ओटीवर बसून मूळ ओळी पाठ केलेल्या आहेत. पाठांतर उत्तम होतं सगळ्यांचं. अर्थ कुणी विचारलाच नव्हता, आणि मीही सांगितला नसेल. चाल सांगत बसलो.

नरहरी


२२ ऑगस्ट १९९९

विठ्ठलराव,

फाईल थांबली नाही. ‘बहुमताने’ लिहिलेलं असूनही निधी आला, काम झालं. म्हणजे ‘सर्वानुमते’ची तुझी धमकीही पोकळच होती. यासाठी मला अनुमोदक करायची गरज नव्हती.

ओढ्याला दोन्ही अंगांनी कठडा आहे, त्याला निळा रंग. बंधाऱ्याच्या जागी तळाला काँक्रीट ओतलं आहे. चार बाकं आहेत, त्यांवर टेकायच्या जागी तुझं नाव आहे, बसणाऱ्याच्या पाठीला लागेल असं. आणि अकरा सिमेंटचे बगळे. मान एकाच साच्यातली, सगळे एकाच दिशेला बघतात. मुंबईकडे. एक खरा बगळा आला होता. त्यांच्यात थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. त्याला पक्षादेश कळला नसावा.

मागच्या आठवड्यात पक्षाचे दोघे येऊन ओटीवरची शाखेची पाटी काढून घेऊन गेले. खिळे तसेच ठेवलेत. शारदेनं त्यांवर सूप अडकवलं.

आणि पेपरात वाचलं, उमेदवारी दुसऱ्याच माणसाला मिळाली. परवापर्यंत तो समोरच्या पक्षात होता. तुझ्या आईनं दत्तक घेतला म्हणायचा. हे लिहिताना मला आनंद होत आहे, आणि तो लपवावा इतका मी आता चांगला माणूस राहिलेलो नाही.

नरहरी


१९ डिसेंबर १९९९

विठ्ठल,

आपलं सरकार गेलं. ‘आपलं’ हे अजून हातातून लिहिलं जातं, काय करणार.

आधी बंधाऱ्याचं. दसऱ्यानंतर कोंडिबा चावडीवरून ओरडला. मागच्या वर्षी त्रेचाळीस घरांतून माणसं आली होती; या वर्षी सात. बाकीचे म्हणाले, ‘सरकारनं केलंय की, आता सरकारच आडवील पानी.’ आम्ही सात जणांनी माती टाकली. काँक्रीटवर माती धरत नाही. रोज थोडी थोडी सरकत गेली आणि पाचव्या दिवशी सगळी वाहून गेली. कोंडिबा कठड्याला टेकून बघत होता. म्हणाला, ‘ह्या बाकावर बसाय लई बरं वाटतंय बगा. पानी न्हाई, पन बसाय बरं वाटतंय.’ त्यानं हरभरा पेरला नाही.

सातांत मी होतो. या वेळी काठावर नव्हतो. पाठीला अजून पट्टी आहे.

आता नवं सरकार सुशोभीकरणाचा दुसरा टप्पा देतं आहे. कारंजं. आणि कालच्या सभेत वाल्मीकनं तुझी चिठ्ठी काढली. पाय मुरगळल्यामुळं तुला येता आलं नाही, पण ठराव लेखी पाठवला होतास: ‘दुसऱ्या टप्प्यास ग्रामपंचायतीचा विरोध आहे. जनतेच्या पैशाची ही उधळपट्टी असून ओढ्यातील काँक्रीट काढून बंधाऱ्याची जागा पूर्ववत करावी.’ आणि खाली, माझ्याच दोन ओळी:

घराला जमे ते न गावास मागा,
जमे गावकीला न राज्यास मागा.

‘न’ परत आला, विठ्ठल. सत्ता असताना गळाला होता, सत्ता गेली आणि परत आला. एक लघु अक्षर. तुझं सगळं राजकारण त्या एका अक्षरात मावतं, आणि तेही तुझं नाही.

वाल्मीक वाचत होता आणि मी त्या ठरावात चूक शोधत होतो. शब्दात, अर्थात, निदान शुद्धलेखनात. सापडली नाही. ठरावातलं प्रत्येक वाक्य बरोबर होतं. उद्या समोरचे जातील, तुझे येतील, आणि तू त्याच ओढ्यावर कारंजं लावशील, हेही मला तितकंच स्वच्छ दिसत होतं.

रंभाबाई म्हणाली, ‘सूचक भाऊजी. अनुमोदक कोन?’

कुणीच हात वर केला नाही. गेल्या वेळी चार हात होते. कारंजं कुणाला नको असतं? आणि नव्या सरकारशी वाकडं कोण घेणार? वाल्मीकनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. अनुमोदक नसेल तर ठराव पडणार. ठराव पडला तर काँक्रीटवर आणखी काँक्रीट.

मी म्हटलं, ‘माझं अनुमोदन लिही. पण असं लिही: ठरावास अनुमोदन आहे, सूचकास नाही.’

वाल्मीकनं पेन थांबवलं. ‘गुरुजी, आसा रकाना न्हाई.’

‘मग शेऱ्यात लिही.’

‘शेऱ्यात मानसाबद्दल लिवता येत न्हाई.’

मी वाद घालणार होतो. चाळीस वर्षांचा विषय होता. रंभाबाईनं वही आपल्याकडे ओढली आणि माझ्यापुढं सरकवली. म्हणाली, ‘मास्तर, सरळ सही करा. मानूस तपासायचा रकाना आसता ना, तर ही वही कोरीच ऱ्हायली आसती. तुमचं नाव तरी कवा आलं आसतं हिच्यात?’

दारात कोंडिबा उभा होता. माझ्या हाताकडे बघत होता.

मी सही केली. मग एकेक हात वर आला. पाच विरुद्ध तीन, तू गैरहजर. काँक्रीट फोडायचा ठराव मंजूर आहे. तो कागदावर राहील की ओढ्यात उतरेल हे सरकारवर सोडायचं नाही असं कोंडिबाचं म्हणणं. रविवारी सकाळी घरटी एक माणूस, घमेल्याऐवजी पहार. रंभाबाई म्हणाली, ‘मी येते. ठराव हाय, आता कोन आडवतंय बगू.’

तुझ्या घराचा एक माणूस लागेल. रंभाबाई स्वतःच्या घराची येते आहे, ती तुझ्यात धरता येणार नाही. गडी पाठवू नकोस. आलास तर मी तुझ्याशी बोलेन असं समजू नकोस. मी पहार धरून असेन आणि मला दम पुरत नाही.

केवळ ठरावाचा,
नरहरी